कोबोटूलबॉक्स आणि टॅगेट: प्रश्नावलीचे आकडे, मुलाखतीच्या वह्या आणि दोन फुकट साधनांची झाडाझडती

एकाच पाहणीत प्रश्नावलीही भरून घ्यायची आणि मुलाखतीही घ्यायच्या, असं काम हल्ली एम.एस.डब्ल्यू.च्या विद्यार्थ्यापासून तालुक्याच्या संस्थेपर्यंत सगळेच करतात. घोळ होतो तो लिहायला बसल्यावर. समोर एक्सेलची फाइल, शेजारी वह्या, फोनमध्ये रेकॉर्डिंग, आणि या सगळ्यातून एकच अहवाल उभा करायचा. मग तक्त्याखाली तक्ता लागतो आणि मधली जागा भरायला मुलाखतींतली चटकदार वाक्यं पेरली जातात. वर शीर्षक: 'संमिश्र संशोधन पद्धती'.

इथे तपासलेली साधनं दोन. आकड्यांसाठी कोबोटूलबॉक्स, मुलाखती आणि क्षेत्रनोंदींसाठी टॅगेट. दोन्ही पैसे न मोजता वापरता येतात, दोन्हींत देवनागरी चालते, आणि दोन्ही शिकायला आठवड्याची कार्यशाळा लागत नाही. कसोटीला विषय घेतला आहे तो हंगामाला जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचा: उचल (मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) किती घेतली, फिटली का, अंगावर किती राहिली, मुलं बरोबर नेली की गावात ठेवली. या विषयात मोजणीही लागते आणि ऐकणंही लागतं, आणि एकाच्या जागी दुसरं ठेवलं की लगेच उघडं पडतं.

दोघांतला खरा फरक मेनूत नाही, वेळेत आहे. कोबो तुमच्याकडून निर्णय गावात पाऊल टाकण्याआधी मागतो: कोणता प्रश्न, कोणते पर्याय, कोणतं एकक. टॅगेट तोच निर्णय गावातून परतल्यावर घेऊ देतो, पण त्याची किंमत म्हणून सगळ्या नोंदी किमान दोनदा सलग वाचायला लावतो. हे ज्याला पटलं त्याला दोन्ही साधनं आवडतील. ज्याला कोबोत नंतर विचार करायचा आहे आणि टॅगेटमध्ये न वाचता उत्तर हवं आहे, त्याने दोन्हींच्या वाटेला जाऊ नये.

कोबो: फॉर्म बनवतानाच अर्धा अहवाल लिहून होतो

कोबोची सुरुवात हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमधून झाली. आता ते एक ना-नफा संस्था चालवते. फॉर्म ब्राउझरमध्ये तयार करायचा आणि अँड्रॉइड फोनवर कोबोकलेक्ट या अ‍ॅपमधून भरायचा. अ‍ॅपशिवाय थेट ब्राउझरमध्येही फॉर्म उघडतो आणि तो नेटवर्क नसतानाही चालतो, पण न पाठवलेली माहिती तिथे ब्राउझरच्या साठवणीत राहते. कोणी फोन 'साफ' केला की गेली. वाडी-वस्तीवर काम असेल तर अ‍ॅपच वापरा. अ‍ॅपमध्येही मसुदा म्हणून ठेवलेला फॉर्म आपोआप जात नाही, तो पूर्ण झाल्याची खूण करून पाठवावा लागतो. रोज संध्याकाळी प्रत्येक फोनवरचे पाठवलेले फॉर्म आणि सर्व्हरवर दिसणारे फॉर्म यांची संख्या जुळवणं हा या साधनाचा न लिहिलेला नियम आहे. फुकट योजनेत दरमहाच्या फॉर्मसंख्येवर आणि साठवणीवर मर्यादा असते आणि ती अधूनमधून बदलते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी खात्याच्या पानावर ती पाहून घ्यावी. प्रबंधाच्या आकाराच्या पाहणीला फॉर्मसंख्या कमी पडायची शक्यता नाही. फोटो आणि आवाजाच्या फाइली घेतल्या तर साठवण मात्र भराभर संपते.

फॉर्म बनवायचे दोन रस्ते. ब्राउझरमधला फॉर्मबिल्डर दहा-पंधरा प्रश्नांपर्यंत ठीक. त्यापुढे एक्सएलएसफॉर्म, म्हणजे ठरावीक रचनेची एक्सेल फाइल. तिच्यात एका पानावर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय, तिसऱ्यावर सेटिंग. प्रत्येक प्रश्नाला दोन नावं असतात: एक 'नेम', जे यंत्र वाचतं, आणि एक 'लेबल', जे माणूस वाचतो. लेबल खुशाल मराठीत ठेवा. नेम मात्र रोमन लिपीत, छोटं, मोकळी जागा न सोडता, आणि स्वतःच्या हाताने द्या. फॉर्मबिल्डरवर सोडलं तर देवनागरी लेबलांतून त्याला नीट नावं बनवता येत नाहीत, आणि डाउनलोड केलेल्या फाइलीत अर्थ न लागणारे स्तंभ दिसतात. पर्यायांच्या नेममध्ये मोकळी जागा राहिली तर आणखी पंचाईत, कारण एकाहून जास्त उत्तरांचा प्रश्न असेल तर कोबो निवडलेली उत्तरं मोकळी जागा सोडूनच एकापुढे एक साठवतो.

आता एककांकडे. महाराष्ट्रातल्या पाहण्यांची माती बहुतेक वेळा इथेच होते. 'जमीन किती?' असा एक दशांश आकड्याचा रकाना ठेवला की प्रश्न विचारणारा 'दोन एकर वीस गुंठे' हे २.२० असं टाकतो. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे खरं उत्तर २.५. फाइलीत मात्र २.२० बसतं, आणि ते चूक आहे हे नंतर कुणालाही ओळखता येत नाही, कारण दुसऱ्या कुणीतरी खरोखरच दशांशात २.२ लिहिलेलं असतं. त्यात सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं ते वेगळंच. उपाय सोपा आहे. एकर आणि गुंठे असे दोन पूर्णांक रकाने घ्या, गुंठ्यांवर 'चाळीसपेक्षा कमी' ही अट घाला, आणि तिसरा गणिताचा रकाना ठेवून एकरात गुंठे भागिले चाळीस मिळवा. एक्सएलएसफॉर्मच्या सूत्रात भागाकारासाठी तिरपी रेघ चालत नाही, 'डिव्ह' असा शब्द लागतो. यात अनेकांचा तासभर जातो.

ऊसतोडीत याहून मोठी अडचण आहे. उचल कुटुंबाला मिळत नाही, कोयत्याला मिळते. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस अर्धा कोयता. ज्या घरातून थोरला मुलगा-सून आणि धाकटा मुलगा-सून दोघंही जातात त्या घराची उचल एका जोडीच्या घराच्या दुप्पट दिसते, आणि अहवालात लिहिलं जातं की मोठी कुटुंबं जास्त कर्जबाजारी आहेत. तेव्हा 'कोयते किती' हा प्रश्न आधी घ्या (उत्तरात अर्धा चालला पाहिजे, म्हणजे इथे दशांश रकाना हवा), आणि कोयत्यामागे उचल किती ते फॉर्मलाच काढू द्या. रुपयांच्या रकान्याला किमान मर्यादा घाला, नाहीतर पन्नास हजारांसाठी कोणी ५० टाकतं, कोणी ५००००. पण अटी फार आवळू नका. फॉर्म खरं उत्तर स्वीकारत नसेल तर विचारणारा पोरगा रात्री आठ वाजता फॉर्मला पटेल असं उत्तर भरून मोकळा होतो. अट मोडल्यावर दिसणारा संदेश मराठीत लिहा, आणि शक्य तिथे अट सक्तीची न ठेवता 'पुन्हा विचारून खात्री केली का?' असा जोडप्रश्न ठेवा.

'माहीत नाही'साठी ९९ टाकायची जुनी सवय कोबोत घातक आहे. कोयत्यांच्या किंवा मुलांच्या रकान्यात दहा-बारा ९९ बसले की सरासरी कुठल्या कुठे जाते. आकड्याच्या प्रश्नाआधी 'सांगता येईल का' असा हो-नाहीचा प्रश्न ठेवा आणि 'नाही' आलं तर आकडा विचारूच नका. मग फाइलीत तो रकाना रिकामा राहतो. रिकामा म्हणजे शून्य नव्हे, हे लिहिताना लक्षात ठेवायचं. 'उचल घेतली नाही' म्हणणाऱ्याला 'किती फिटली' हा प्रश्न दिसलेलाच नसतो. त्या रिकाम्या रकान्यात कोणी शून्य भरलं तर ज्यांनी कर्जच घेतलं नाही ते न फेडणाऱ्यांत मोजले जातात.

घरातल्या प्रत्येक माणसाची माहिती हवी असेल तर कोबोत पुनरावृत्तीचा गट करता येतो. सोय उत्तम, पण दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. या गटाची माहिती डाउनलोड करताना एक्सेल फाइलीत वेगळ्या पानावर येते आणि सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी स्तंभ तोडलेल्या साध्या मजकूर-फाइलीत) येतच नाही. दोन पानं जोडायला प्रत्येक ओळीतला पालक-क्रमांक वापरावा लागतो. एवढं झेपत नसेल आणि फक्त 'सहा ते चौदा वयाची मुलं किती, त्यातली बरोबर नेली किती' एवढंच हवं असेल, तर साधे दोन रकाने ठेवा.

डाउनलोड दोनदा करा: एकदा यंत्राच्या नावांनी विश्लेषणासाठी, एकदा मराठी लेबलांनी तक्त्यांसाठी. बहुपर्यायी प्रश्नांसाठी 'स्वतंत्र स्तंभ' ही निवड करा, म्हणजे प्रत्येक पर्यायाला १ किंवा ० मिळतो. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली की बऱ्याचदा मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलच्या डेटा मेनूतून मजकूर-फाइल आयात करा आणि यूटीएफ-८ हा अक्षरसंकेत निवडा. लिबरऑफिस कॅल्क उघडतानाच हे विचारतं, म्हणून ते बरं.

पाहणी चालू असताना पर्याय बदलणं हा कोबोतला सर्वात महागडा मोह. लेबलाची शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली तर काही बिघडत नाही. पण पर्यायाचं नेम बदललं की आधीची उत्तरं एका नावाखाली आणि नंतरची दुसऱ्या नावाखाली जातात. फॉर्म पुन्हा चालू केल्यावर प्रत्येक फोनवर नवी आवृत्ती उतरवून घ्यावी लागते. एक फोन जरी जुन्या आवृत्तीवर राहिला तरी शेवटी ताळमेळ हाताने घालत बसायचं.

फॉर्मच्या शेवटी 'आपले मत सविस्तर लिहा' असा रकाना ठेवायची एक प्रथा आहे. काढून टाका. उन्हात उभं राहून फोनवर टाइप करणारा माणूस तीन शब्द लिहितो, तेही स्वतःचे. ते मोजता येत नाहीत आणि त्यातून अर्थही लागत नाही. मत हवंच असेल तर आवाजाचा प्रश्न ठेवा. कोबोत रेकॉर्डिंग ऐकून तिथेच मजकूर उतरवायची सोय आहे. आणि उत्तरं खरोखर लांबलचक हवी असतील तर ती मुलाखत आहे, तिला वेगळा दिवस द्या.

कोबोच्या पानावर आपोआप बनणारे आलेख बैठकीत दाखवायला चांगले, अहवालात नकोत. विश्लेषणासाठी जमोव्ही हे मोफत साधन पुरतं. ते 'आर' या सांख्यिकी भाषेवर बांधलेलं आहे, पण कोड लिहावा लागत नाही. फाइल उघडल्यावर आधी प्रत्येक स्तंभाचा प्रकार तपासा. पर्यायांना १, २, ३ असे संकेत दिले असतील तर ते आकडेच समजून त्यांची सरासरी काढली जाऊ शकते. काय-वर्ग कसोटी (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का हे तपासणारी) लावताना अपेक्षित संख्या पाचाखाली येणारे कप्पे बरेच असतील तर त्या निकालावर परिच्छेद उभारू नका.

लिहिताना आकड्यासोबत त्याचा छेद गेलाच पाहिजे. '६० टक्के कुटुंबांची उचल फिटली नाही' हे वाक्य अपुरं आहे. 'उचल घेतलेल्या कुटुंबांपैकी' की 'पाहणी केलेल्या सर्व कुटुंबांपैकी'? एकूण संख्या तिसाखाली असेल तर टक्के सोडा, '२४ पैकी ९' असं लिहा. ३७.५ टक्के लिहिल्याने ती नऊ कुटुंबं वाढत नाहीत.

नमुन्याच्या ३८४ या आकड्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण तो कारण न देता प्रबंधामागून प्रबंधात उतरवला जातो. मोठी लोकसंख्या, ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के चूक धरली की ३८४ येतात. एकूण कुटुंबंच ४०० असतील तर तेच गणित १९७ वर येतं. आणि हे सगळं साध्या यादृच्छिक निवडीलाच लागू आहे. दहा गावं निवडून प्रत्येकी वीस घरं घेतली तर एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, तेव्हा चूक वाढते. मुकादमाने दिलेल्या यादीतून घरं घेतली असतील तर हे सूत्र छापणंच चूक. ऊसतोडीत आणखी एक खड्डा आहे. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. जानेवारीत गावात पाहणी केली तर जे गेलेच नाहीत तेच भेटणार. कोबोवर जीपीएसच्या खुणा नकाशाभर सुंदर दिसतील आणि नमुना तरीही वाकडाच असेल.

टॅगेट: थोडंच करतं, पण नीट करतं

टॅगेट हे मुक्तस्रोत साधन. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. बसवल्यावर ते ब्राउझरमध्येच उघडतं, पण मजकूर तुमच्याच संगणकावरच्या एका फाइलीत राहतो. मागे एक काळी खिडकी उघडी असते. ती बंद केली की टॅगेट बंद. दोघा-तिघांनी एकाच प्रकल्पावर काम करायचं तर टॅगेटचा सर्व्हर वापरावा लागतो किंवा स्वतःचा उभारावा लागतो.

काम एवढंच: दस्तऐवज घाला, मजकूर निवडा, त्याला टॅग, म्हणजे विषयाची चिठ्ठी, लावा. नंतर टॅगवर टिचकी मारली की सगळ्या मुलाखतींतले त्या टॅगचे उतारे एकाखाली एक दिसतात. आलेख नाहीत, शब्दांचे ढग नाहीत, आपोआप अर्थ लावणं नाही. महागडी साधनं घेऊन त्यांतलं एवढंच वापरणारे पुष्कळ आहेत, तेव्हा या काटकसरीबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती इथे: आत घातलेला मजकूर नंतर बदलता येत नाही. एक चूक राहिली तर फाइल दुरुस्त करून पुन्हा घाला आणि टॅग पुन्हा लावा. म्हणून घालण्याआधीची तयारी हेच अर्धं काम.

तयारी अशी. मजकूर वर्डच्या किंवा साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवा. देवनागरी पीडीएफमधून मजकूर काढताना काने-मात्रे जागा सोडतात, आणि स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूरच नसतो. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेलं असेल तर ते आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर आत फक्त रोमन अक्षरांची भेळ जाईल. आणखी एक बारीक गोष्ट मराठीत सांभाळावी लागते. 'शेतकऱ्यांना'मधला अर्धा र दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: नुक्त्याच्या ऱ-ला हलन्त देऊन, किंवा साध्या र-नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोधताना मात्र एक सापडतो, दुसरा नाही. दोन वेगवेगळ्या कीबोर्डवर टंकलेल्या मुलाखती असतील तर सगळीकडे शोधा-बदला करून एकच रूप करून घ्या. बोली मात्र बदलू नका. 'व्हतं'चं 'होतं' केलं की उतारा प्रमाण होतो आणि माणूस नाहीसा होतो.

क्षेत्रनोंद घालताना तिचे तीन थर वेगळे दिसले पाहिजेत: ऐकलेलं अवतरणात, पाहिलेलं साध्या मजकुरात, आणि नोंदणाऱ्याला वाटलेलं चौकटी कंसात. हे गावातून आल्यावर चोवीस तासांच्या आत विस्तारून लिहायचं असतं, कारण चौथ्या दिवशी 'मुकादमाचं नाव काढल्यावर गप्प झाली' आणि 'मुकादमाला घाबरते' यांतला फरक वहीला सांगता येत नाही. पहिलं निरीक्षण आहे, दुसरा निष्कर्ष. टॅगेटमध्ये टिपणं लिहायला वेगळी जागा नाही, ही त्याची सर्वात मोठी उणीव. त्यावर उपाय म्हणजे चौकटी कंसातल्या मजकुराला 'नोंदकर्ता' असा स्वतंत्र टॅग लावा. पुढे उतारे काढताना स्वतःचं मत कुणाच्या तोंडी जाणार नाही.

नव्या प्रकल्पात 'इंटरेस्टिंग' नावाचा एक टॅग तयारच असतो. तो पुसू नका. पहिल्या वाचनात जे कुठे बसत नाही ते त्यात टाका. दुसऱ्या वाचनात त्यातूनच उत्तम टॅग निघतात. सुरुवातीचे टॅग लोकांच्याच शब्दांत ठेवावेत: 'अंगावर राहिली', 'खाडा', 'म्हातारीपाशी ठेवली'. नावात बिंदू देऊन गट करता येतात, जसं 'हिशेब.खाडा', 'हिशेब.वजन'. प्रत्येक टॅगच्या वर्णनात तीन गोष्टी लिहा: कधी लावायचा, कधी लावायचा नाही, आणि एक नमुना उतारा. बारा मुलाखतींना वीस-पंचवीस टॅग पुरे. ऐंशीच्या पुढे गेलात तर तुम्ही टॅग लावत नाही, प्रत्येक वाक्याला शीर्षक देताय. दोन टॅग एकत्र करायची सोय आहे, ती दुसऱ्या वाचनानंतर मोकळेपणाने वापरा. उलटा प्रवास, म्हणजे एका टॅगचे दोन करणं, उताऱ्या-उताऱ्यावर जाऊन करावा लागतो, तेव्हा पहिल्या फेरीत थोडे जास्त टॅग असलेले परवडतात. उतारा निवडताना पुढचा-मागचा प्रश्नही घ्या. एकटं 'हो, बरोबरच नेली' हे उत्तर महिन्याभराने वाचलं तर कुणाला नेली तेच कळत नाही.

निर्यात एक्सेल, सीएसव्ही, वर्ड अशा रूपांत होते, आणि टॅगची यादी वर्णनासह वेगळी काढता येते; ती प्रबंधाच्या परिशिष्टात आयती जाते. पण एक सापळा ओळखून असा. एका उताऱ्यावर तीन टॅग असतील तर एक्सेलमध्ये तो तीन ओळींत येतो. त्या ओळी मोजून '१४० उल्लेख' लिहिणारे भेटतात. ओळी मोजल्या तरी चूक आणि उतारे मोजले तरी फारसा अर्थ नाही, कारण बोलका माणूस एकच गोष्ट सहा वेळा सांगतो आणि अबोल बाई एकदाच. बारा मुलाखतींवर टक्के काढणं हा तर शुद्ध अत्याचार. लिहायचं तर 'बारापैकी सात जणींनी हे न विचारता काढलं' इतपत लिहा. त्यात 'न विचारता' हा भाग सातपेक्षा मोलाचा आहे.

परिच्छेद कसा बांधायचा? एका टॅगचे सगळे उतारे कागदावर छापा, सलग वाचा, कागद पालथा ठेवा आणि एकही अवतरण न वापरता दीडशे शब्द लिहा: लोक काय सांगतायत, कशावर एकमत आहे, कुठे फाटा फुटतो. मग दोन उतारे निवडा. एक नेहमीचा आणि एक या मांडणीला छेद देणारा. छेद देणारा सापडत नसेल तर बहुधा वाचन घाईत झालं आहे.

दोन्ही एकत्र वापरताना

क्रमाला इथे फार महत्त्व आहे. आधी सहा-आठ मुलाखती, त्यांवर टॅग, आणि त्या टॅगांतून कोबोच्या पर्यायांची यादी. 'उचल का फिटली नाही' या प्रश्नाला टेबलावर बसून पर्याय काढले तर आजारपण, लग्न, कमी मजुरी हे निघतात. 'खाडा', म्हणजे कामावर न गेलेल्या दिवसाची कापली जाणारी रक्कम, हा पर्याय टेबलावर सुचत नाही. तो यादीत नसेल तर सगळा 'इतर'मध्ये जाऊन पडतो, आणि 'इतर'चा स्तंभ तक्त्यात सर्वात उंच दिसतो. तसं दिसलं की समजावं, मुलाखती न घेताच फॉर्म बनवला.

प्रत्येक घराला एक संकेत द्या आणि तोच कोबोत रकाना म्हणून आणि टॅगेटमध्ये दस्तऐवजाच्या नावात वापरा. मग दोन्ही निर्याती एकाच एक्सेलमध्ये संकेतावर जोडता येतात. जुळणी नाही झाली तर घाबरू नका, तिथेच मजकूर सापडतो. समजा फॉर्ममध्ये घर 'क-२३'ने उचल पूर्ण फिटल्याचं सांगितलं आणि मुलाखतीत त्याच घरातली बाई म्हणते की मागची बाकी पुढच्या उचलीत वळती केली. फॉर्म चूक आणि मुलाखत खरी, असं लगेच ठरवू नका. मुकादमाच्या वहीत ती फिटलेलीच आहे. तिच्या लेखी ती अंगावरच आहे. 'फिटली का' हा प्रश्न या दोन्ही गोष्टी एकाच 'हो'मध्ये कोंबत होता. आता कोबोच्या आकड्याशेजारी हे लिहा, आणि पुढच्या फेरीत 'वळती केली' हा तिसरा पर्याय द्या.

टॅगेट कुणाला कमी पडेल? टिपणं जागच्या जागी हवी असतील, फोटो किंवा आवाजावर थेट टॅग लावायचे असतील, किंवा दोघांनी स्वतंत्रपणे लावलेले टॅग किती जुळतात याचा कॅपा (kappa) हा निर्देशांक मार्गदर्शकांना दाखवायचा असेल, तर क्वालकोडर बघा. तेही मुक्तस्रोत आणि फुकट. बसवायला थोडा त्रास देतं आणि पडदा बटणांनी गजबजलेला आहे, पण वरच्या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. कोबो कमी पडणारे थोडेच. बहुतेकांचा फॉर्म कमी पडलेला असतो.

राहिली गोपनीयता, आणि तिची सोय या दोन्ही साधनांनी तुमच्यावरच सोडली आहे. कोबोची माहिती अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या सर्व्हरवर राहते. खातं उघडताना कुठला ते निवडता येतं. टॅगेट संगणकावर वापरलंत तर माहिती घरातच, पण त्याला पासवर्ड नाही, म्हणजे संगणकाला हवा. फॉर्ममध्ये नाव आणि फोन घेतलाच असेल तर ते स्तंभ विश्लेषणाच्या फाइलीत येऊ देऊ नका. संकेत आणि नाव यांची जोडयादी वेगळ्या, बंद फाइलीत ठेवा. मुलाखतीतून मुकादमाचं नाव, कारखान्याचं नाव आणि गावाचं नाव टॅगेटमध्ये घालण्याआधीच बदला, कारण आत गेल्यावर ते बदलता येत नाही. आणि फक्त नाव बदलून भागत नाही. 'दोन कोयत्यांचं घर, थोरला जावई टायर गाडीवर, मुलगी वसतिगृहात' एवढं वाक्य छापलं की त्या गावात कोणालाही घर ओळखता येतं. असा उतारा कितीही बोलका असला तरी दोन तपशील काढून मगच अहवालात घ्या.